‘प्रहार’नंतर घरी कोण?

हिंदमाताला पाणी भरलं की माझे काका घराबाहेर पडत नाहीत. यात काय विशेष, असं तुम्ही म्हणाल. त्या पाण्यात हौसेनं कोण उतरतं? पण काका घोटाभर पाण्यातही उतरत नाहीत. चाळीच्या शेवटच्या पायरीवर उभे राहतात आणि म्हणतात, "खाली काय आहे ते दिसत नाही." लहानपणी आम्ही भावंडं त्यांची नक्कल करून हसायचो. २०१७च्या २९ ऑगस्टला मुंबईतले एक नामवंत डॉक्टर भर पावसात चालत घरी जाताना उघड्या मॅनहोलमध्ये पडून वाहून गेले, तेव्हा अख्खी चाळ म्हणाली की हवालदारांचं बरोबर होतं. काकू मात्र भांडी घासता घासता एवढंच म्हणाली, "त्यांना मॅनहोल नाही रे दिसत."

त्यांना सुरुंग दिसतात. १९८७ ते १९९० या काळात भारताची शांतिसेना श्रीलंकेत होती. तिथे आपले अकराशेहून अधिक जवान गेले. काका तिथून धडधाकट परत आले, निदान तसं सगळ्यांना वाटलं. जाफनाकडे ताडाची झाडं, तांबड्या मातीच्या वाटा आणि त्या वाटांमध्ये पुरलेले सुरुंग. आमचं गाव गुहागरकडचं. तिथे नारळी-पोफळी आणि तीच तांबडी माती. निवृत्त झाल्यावर गावी जाऊन राहायचं असं काका-काकूंचं ठरलेलं होतं. गेलेही. पण घरापासून विहिरीपर्यंतच्या पायवाटेवर काकांचं पाऊल पडेना. चार दिवसांनी दोघं परत आली आणि आजोबांनी गिरणीत असताना घेतलेल्या दहा बाय बाराच्या खोलीत राहिली, ती आजतागायत.

सैन्यात माणसाची प्रकृती ‘शेप’ या पाच इंग्रजी अक्षरांच्या शब्दात मोजतात. पहिलं अक्षर मनाचं, मग कान, हातपाय, शरीर आणि डोळे. प्रत्येक अक्षराला एक ते पाच आकडा मिळतो आणि एक म्हणजे उत्तम. काका ‘शेप-वन’ म्हणून बाहेर पडले. पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मनात घर करून राहणारा तणाव, हे नाव डॉक्टरांकडून आम्ही पहिल्यांदा ऐकलं ते २००९ मध्ये. शांतिसेना परत येऊन तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती. त्या एकोणीस वर्षांत घरात त्याला ‘स्वभाव’ म्हणत.

या लेखाचा विषय काका नाहीत, काकू आहे. आणि खरं तर काकूही नाही. काकूसारखी बाई आपल्या चित्रपटांत कुठे आहे, हा विषय आहे.

काकू हिंदमाताच्या कापडबाजारातल्या दुकानांसाठी साड्यांना फॉल-पिको करते. हे काम तिनं निवडलं कारण ते घरून होतं आणि हातातलं सोडून कधीही उठता येतं. काका रात्री ओरडत जागे झाले तर त्यांना हात लावायचा नाही. लांब उभं राहून ‘हवालदार साहेब’ अशी हाक मारायची, मग ते भानावर येतात. हे तिला कुणी शिकवलं नाही. एकदा मनगट मुरगळल्यावर ती शिकली. ऑगस्टमध्ये परळच्या कार्यशाळांतून मोठे गणपती मंडपांकडे निघतात. त्या शनिवार-रविवारी ढोल, फटाके आणि खिडकीच्या काचा थरथरतील असा आवाज. कुठल्या राजाचं आगमन कधी, हे मंडळांच्या पोरांइतकंच काकूला पाठ असतं. त्याप्रमाणे ती जेवण, गोळ्या आणि खिडक्या सांभाळते.

मी सॉफ्टवेअरवाला आहे. आमच्याकडे ‘ऑन-कॉल’ नावाची पाळी असते. रात्री तीनला सर्व्हर पडला तर ज्याचा फोन वाजतो तो ऑन-कॉल. एक आठवडा माझा, पुढचा दुसऱ्याचा. मी फोन उचलला नाही तर तो आपोआप दुसऱ्याकडे जातो, त्याला ‘सेकंडरी’ म्हणतात. यात कंपनीचा काही मोठेपणा नाही. थकलेला माणूस चुका करतो आणि चुका महाग पडतात, एवढा साधा हिशोब आहे. काकू २००० सालापासून ऑन-कॉल आहे. तिला सेकंडरी नाही.

हे मला उशिरा कळलं, आणि लाज वाटेल अशा रीतीनं कळलं. दोन वर्षांपूर्वी कारगिल विजय दिवसाला, म्हणजे २६ जुलैला, मी काकूचा मशीनवर बसलेला फोटो टाकून ‘खरी वीरांगना’ असं लिहिलं. सहाशेच्या वर लाइक्स आले. संध्याकाळी ते दाखवायला गेलो. काकूनं फोन डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ धरला आणि म्हणाली, "वाचून दाखव." तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं होतं, कारण त्या दिवशी काकांजवळ बसायला कुणी नव्हतं. दोन्ही वेळा तिनं मला विचारलं होतं. एकदा माझं रिलीज होतं. दुसऱ्यांदा काय होतं, ते आठवतही नाही.

त्यानंतर मी शोधायला लागलो. सैनिकाच्या घरातली ही बाई आपल्याकडे कुणी पाहिली आहे का? युद्धाची गाणी, पोवाडे, निरोपाचे प्रसंग आणि तिरंग्यात लपेटून आलेला मुलगा, हे सगळं आपल्याकडे भरपूर आहे. जाणारा सैनिक आणि न परतलेला सैनिक दोघंही आपल्याला नीट पाहता येतात. परत आलेल्याचं पुढे काय होतं? काही चित्रपट मी काकूबरोबर फोनवर पाहिले. एक इअरबड माझ्या कानात, एक तिच्या. गोळीबार काकांच्या कानावर जाता कामा नये.

पहिला ‘प्रहार’, १९९१चा. भाषा हिंदी, पण दिग्दर्शक नाना पाटेकर, नायकाचं नाव मेजर चव्हाण आणि गोष्ट मुंबईतली, म्हणून मी तो आपलाच धरतो. मेजरच्या हाताखाली तयार झालेला पीटर एका कारवाईत जायबंदी होतो आणि सैन्य सोडून वडिलांच्या बेकरीत परत येतो. हप्तेखोर गुंडांना तो विरोध करतो आणि मारला जातो. मेजर वस्तीत येतो, गुंडांना संपवतो, त्याच्यावर खटला चालतो आणि त्याची रवानगी मनोरुग्णालयात होते. पंधराव्या वर्षी मी हा चित्रपट पाहिला तेव्हा मुठी आवळल्या होत्या. आता पाहताना पहिल्यांदा जाणवलं की या एका चित्रपटात घरी परतलेल्या सैनिकाचे दोन शेवट आहेत. एकाला दिग्दर्शक मारतो, दुसऱ्याला कोंडतो. जायबंदी पीटरबरोबर शर्ली जो संसार करणार होती, तो सुरूच होत नाही. हबीब तन्वीर यांनी केलेला म्हातारा बाप आणि माधुरी दीक्षितची शर्ली ही दोघं त्या मुलाला पुढची तीस वर्षं कशी सांभाळणार होती, हा प्रश्न गुंडांनी सोडवून टाकला. मेजरच्या वेडाचाही उपयोग एकच, समाज किती सडला आहे हे दाखवायचं. ते वेड कुणाच्या घरात राहत नाही, कुणाची झोप मोडत नाही.

चित्रपट संपल्यावर काकूनं विचारलं, "आता याला डबा कोण नेणार?"

‘प्रहार’वर मी आजवर जे काही वाचलं, त्यात हा प्रश्न कुणी विचारलेला मला आढळला नाही.

वेडा झालेला सैनिक ही गंमत किंवा रूपक म्हणून वापरायची सवय जुनी आहे आणि तिचा एक पत्ता आपल्याच महाराष्ट्रात आहे. नाशिकजवळच्या देवळालीला ब्रिटिशांची छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले गोरे सोल्जर मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत तिथे थांबत. वाट पाहून, उन्हानं, तापानं आणि रिकामपणानं त्यांची डोकी फिरत. त्यावरून इंग्रजीत ‘डूलॅली’ हा शब्द आला आणि पूर्वी त्याला जोडून ‘टॅप’ म्हणत. देवळालीचा ताप. शब्दकोशात तो आजही आहे आणि लोक तो हसत वापरतात. त्या तापलेल्या माणसांच्या उशाशी कोण बसलं, यासाठी मात्र कुठल्या भाषेत शब्द तयार झाला नाही.

उशाशी बसणारं माणूस मराठी चित्रपटात खऱ्या अर्थानं आणलं ते सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी. भावे आधी पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवत होत्या. आजारी माणसाबरोबर त्याच्या आजूबाजूचं घरही पाहायचं, ही सवय त्यांच्या कॅमेऱ्याला तिथूनच लागली असावी. ‘देवराई’ (२००४) हा स्किझोफ्रेनिया झालेल्या शेषचा चित्रपट. अतुल कुलकर्णींच्या अभिनयाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि ते रास्तच आहे. पण त्याची बहीण सीना, म्हणजे सोनाली कुलकर्णी, ही मला त्याच्याइतकीच महत्त्वाची वाटते. भावाला स्वतःच्या घरी आणल्यावर तिचा संसार आणि भाऊ अशी जी ओढाताण होते, ती चित्रपट लपवत नाही. तिला देवी करत नाही. ती दमते, चिडते, तिला अपराधी वाटतं. माझ्या ‘वीरांगना’ पोस्टपेक्षा हे कितीतरी प्रामाणिक आहे.

तरी काकूचा शेरा वेगळा होता. "हिला चिडायला दुसरी खोली आहे."

आधी मी हसलो. मग लक्षात आलं की ही पक्की समीक्षा आहे. ‘देवराई’ घराला एका मध्यमवर्गीय घराएवढी जागा देते आणि त्या जागेत भावना मोकळ्या होऊ शकतात. दहा बाय बारात आजारी माणूस आणि त्याला सांभाळणारं माणूस एकाच पंख्याखाली झोपतात. रडायचं असेल तर सार्वजनिक नळावर जावं लागतं आणि तिथे रांग असते. जागेचा प्रश्न आला की त्या आजाराची गोष्टच बदलते.

‘अस्तु’ (२०१३) पाहताना काकू बराच वेळ काही बोलली नाही. मोहन आगाशे यांनी केलेले संस्कृतचे पंडित चक्रपाणी शास्त्री स्मृतिभ्रंशानं हळूहळू पुसले जात आहेत. मुलगी इरा, म्हणजे इरावती हर्षे, त्यांना गाडीत बसवून खरेदीला जाते. तेवढ्यात त्यांना हत्ती दिसतो आणि ते त्याच्या मागे निघून जातात. सगळा चित्रपट त्या थोड्याशा वेळातून निघतो. दिग्दर्शकांचा मोठेपणा असा की ते इराला दोषी ठरवत नाहीत आणि साफ सोडूनही देत नाहीत. तिथे काकूनं इअरबड काढला आणि मला आजवर कुणालाच न सांगितलेली गोष्ट सांगितली. एकदा दिवाळीच्या आधी दुकानदार साड्यांसाठी अडून बसला होता. ती बाहेरून कडी लावून बाजारात गेली. चाळीस मिनिटांनी परत आली तेव्हा काका दाराला पाठ लावून बसले होते. ते काही बोलले नाहीत, तीही बोलली नाही. "पैसे मिळाले पण," ती म्हणाली.

‘अस्तु’मध्ये हरवलेल्या शास्त्रींना माहुताची बायको चन्नम्मा सांभाळते. आईनं मुलाला सांभाळावं तशी. या भूमिकेसाठी अमृता सुभाषला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चन्नम्माकडे वात्सल्याचं प्रतीक म्हणून पाहण्याची रीत आहे. मला तिच्यात सेकंडरी दिसली. फोन उचलायला पहिलं माणूस नाही, म्हणून तो दुसऱ्याकडे गेला. इरा रस्तोरस्ती जिवाच्या आकांतानं शोधत असताना शास्त्रींची देखभाल दुसऱ्या बाईच्या हातात होती. माझी तक्रार असेल तर एवढीच, की ही रजा इराला भीतीच्या रूपात मिळते आणि ती देते अशी बाई जिच्या स्वतःच्या पोटाची भ्रांत आहे. चन्नम्माला रजा कोण देणार, इथपर्यंत चित्रपट जात नाही. सुशिक्षित घराचं ओझं गरीब बाई प्रेमानं उचलते, हे आपल्याला फार सहज सुंदर वाटतं.

‘कासव’ला २०१६ सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. स्वतः नैराश्यातून गेलेली जानकी, आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या एका अनोळखी तरुणाला आपल्या घरी आणते. या चित्रपटाला ‘प्रेमाची ताकद’ वगैरे म्हटलं गेलं. मी तो कामाच्या वाटपाच्या नजरेनं पाहिला. त्या समुद्राकाठच्या घरात जानकी एकटी नाही. किशोर कदमचा यदू आहे, कासवांसाठी झटणारे दत्ताभाऊ आहेत, एक लहान मुलगाही आहे. एकाचा धीर सुटला की दुसरा पुढे होतो. तो मुलगा सावरतो त्यात प्रेमाचा वाटा आहेच, पण ते प्रेम तीन-चार जणांत वाटलेलं आहे म्हणून ते टिकतं. तेच सगळं जानकीवर एकटीवर पडलं असतं तर तिचाच जुना आजार परत आला असता. हे चित्रपट बोलून दाखवत नाही, पण त्याची रचनाच तशी आहे.

म्हणजे सांभाळणाऱ्याला पाहणारे चित्रपट आपल्याकडे आहेत आणि सैनिकाला पाहणारेही आहेत. दोन्ही एकत्र पाहणारा मला सापडला नाही. अमेरिकेत तो १९४६ मध्येच आला होता. विल्यम वायलरच्या ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’मध्ये हॅरल्ड रसेल हा खराखुरा, दोन्ही हात गमावलेला सैनिक होमरचं काम करतो. एका रात्री तो आपले लोखंडी आकडे काढून ठेवतो आणि विल्माला दाखवतो की आता त्याला दारही उघडता येणार नाही. ती घाबरत नाही, त्याला अंथरुणात नीट झोपवते. अप्रतिम प्रसंग आहे. पण चित्रपट त्यांच्या लग्नापाशी संपतो. विल्माची ड्युटी तिथून सुरू होते. तिच्यासारख्यांना रजेची गरज असते हे तिथल्या कायद्यात यायला २०१० उजाडलं. त्या कायद्यानं माजी सैनिकांना सांभाळणाऱ्या घरच्या माणसांना भत्ता, प्रशिक्षण आणि वर्षाला किमान ३० दिवसांची सुट्टी देऊ केली, म्हणजे तेवढे दिवस दुसरं कुणी काळजी घेणार. आधी हे ९/११ नंतरच्या जखमींपुरतं होतं, २०१८च्या कायद्यानं जुन्या युद्धांतल्यांनाही त्यात घेतलं.

आपल्याकडे काहीच नाही असं मी म्हणणार नाही. शंभर टक्के अपंगत्व ठरलेल्या माजी सैनिकाला सतत मदतनीस लागत असेल तर त्यासाठी भत्ता आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात काळजी घेणाऱ्याची व्याख्या आहे. रुग्णाबरोबर राहणारी, त्याची जबाबदारी घेणारी व्यक्ती, मोबदला घेऊन किंवा न घेता. काकू त्यात तंतोतंत बसते. कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवा असाव्यात असंही तो कायदा म्हणतो. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून आहे आणि डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सैन्यदल वैद्यकीय महाविद्यालयात सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी त्याचा खास कक्ष सुरू झाला. काकूच्या फोनमध्ये तो नंबर मी साठवून दिला आहे आणि दोनदा तिनं तो लावलाही आहे. पलीकडच्या माणसानं शांतपणे ऐकून घेतलं, म्हणाली. पण फोनवरचा माणूस काकांजवळ बसू शकत नाही.

इंजिनिअर असल्यामुळे मी मोजायलाही गेलो. घरात आजारी माणसाला सांभाळणाऱ्यांवरचा ताण मोजणारी झॅरिट यांची एक प्रश्नावली आहे. २२ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, जास्तीत जास्त ८८. मी तिचं माझ्या परीनं मराठी केलं आणि काकूसमोर बसलो. बरेच प्रश्न तिनं मशीन चालवता चालवता निकालात काढले. एक प्रश्न असा आहे, की या माणसाची देखभाल दुसऱ्या कुणावर सोपवून द्यावी असं तुम्हाला वाटतं का? काकूनं मशीन थांबवलं.

"कुणाकडे?"

माझ्याकडे पाच पर्याय होते. कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, जवळजवळ नेहमी. ‘कुणाकडे’ हा त्यात नव्हता. मी अ‍ॅप बंद केलं. बेरीज केली नाही.

या सगळ्या चित्रपटांबद्दल मला शेवटी जे म्हणायचं आहे ते त्या एका शब्दात आलं. ‘प्रहार’ तो प्रश्न येऊच देत नाही. ‘देवराई’ विचारते आणि व्याकूळ होते. ‘अस्तु’ योगायोगानं उत्तर देते. ‘कासव’ उत्तर देते, पण समुद्राकाठच्या मोठ्या घरात. आणि आपण प्रेक्षक, वाचक, पोस्ट टाकणारे पुतणे, आपण कौतुक करतो. कौतुकाला वेळ द्यावा लागत नाही. काकूला हवी होती ती एक सकाळ, ऑपरेशनची. ती सहाशे लोकांनी मिळूनही दिली नाही.

गेल्या वर्षी मी एक शीट बनवली. मी, बाबा, डोंबिवलीची ताई आणि शेजारचे निवृत्त पोस्टमन, जे तसेही रोज काकांशी पत्ते खेळतात. शनिवार दुपार ते रविवार सकाळ पाळीपाळीनं. लांबून हाक कशी मारायची हे काकूनं आम्हा चौघांना शिकवलं. पहिल्या शनिवारी ती लालबागला बहिणीकडे गेली आणि तासाभरात परत आली, करमेना म्हणून. दुसऱ्या वेळी रात्री राहिली आणि अकरा तास झोपली. आल्यावर कुरकुरली, झोपून झोपून डोकं दुखलं म्हणे. जानेवारीत डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.

हा लेख तिला वाचून दाखवला. ‘त्याग’ हा शब्द एका ठिकाणी होता, तो तिनं काढायला लावला. मग म्हणाली, "पुढच्या शनिवारी तुझी पाळी आहे, ते लिहिलंस का?"

लिहिलं.